प्रकाशाचे औषध आणि वारशाची कसोटी

नवजात बालकाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, ही गोष्ट आज घरोघरच्या आजींनाही ठाऊक झाली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधलेले ते तान्हे दोन-तीन दिवस त्या प्रकाशात निजते आणि सुई नाही, गोळी नाही, तरी अंगाचा पिवळेपणा उतरतो. या उपचाराचा उगम कोणा विख्यात संशोधकाच्या प्रयोगशाळेत झालेला नाही. १९५६ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या परिचारिका तान्ह्या बालकांना उन्हात नेत असत. ऊन लागलेला भाग उजळला आणि दुपट्याखाली झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला, हे त्यांच्या ध्यानी आले. तेथील डॉक्टरांनी ते निरीक्षण हसण्यावारी नेले नाही. त्यांनी मोजमापे घेतली, दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष जगापुढे ठेवले. एका परिचारिकेच्या डोळसपणाला मोजमापाची जोड मिळाली आणि जगभरच्या असंख्य बालकांना त्याचा लाभ झाला.

निरीक्षण आणि मोजमाप यांची ही सांगड मनाशी धरूनच प्रकाशोपचाराच्या एका नव्या दालनाकडे पाहिले पाहिजे. औषध शरीरात जाईल, परंतु तेथे स्वस्थ बसून राहील. ज्या ठिकाणी प्रकाश पडेल त्याच ठिकाणी ते जागे होईल आणि कर्करोगाच्या पेशी नष्ट करील, असे या उपचाराचे सूत्र आहे. ‘फोटोडायनॅमिक थेरपी’ या नावाने तो वैद्यकविश्वात ओळखला जातो. गेल्या दोन दशकांत त्याला नॅनोतंत्राची, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागात मोजल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विद्येची जोड मिळाली आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार जण त्याने दगावले. जगातील अशा रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात आहेत. तंबाखू, गुटखा, मावा आणि मिश्री यांनी घातलेला हा घाला आहे. शस्त्रक्रियेत जबडा किंवा जीभ गमावलेला कर्ता पुरुष बोलू शकत नाही, जेवू शकत नाही, चारचौघांत वावरू शकत नाही. त्याच्या उपचारासाठी शेत गहाण पडते आणि मुलीचे शिक्षण थांबते. मात्र याच रोगाचे एक वैशिष्ट्य असे की तो तोंडात, म्हणजे बॅटरीचा झोत सहज पोहोचेल अशा जागी होतो. प्रकाशाने चालणाऱ्या उपचाराला याहून अधिक सोयीचे क्षेत्र क्वचितच असेल. म्हणूनच या विद्येत आपला देश कोठे उभा आहे, हा प्रश्न राष्ट्रीय महत्त्वाचा ठरतो.

प्रकाशाने जागे होणारे औषध

या विद्येचा आरंभ जर्मनीत झाला. म्युनिक येथे प्राध्यापक हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा विद्यार्थी पाण्यातील एकपेशीय जीवांवर अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा परिणाम पाहत होता. तेच रंगद्रव्य, तितकीच मात्रा. परंतु अंधारात जीव तगून राहत आणि उजेडात मरत. राबने १९०० मध्ये हे प्रसिद्ध केले. औषध आणि प्रकाश हे दोघेही एकेकटे निरुपद्रवी असले तरी एकत्र आल्यावर मारक ठरतात, हे सिद्ध झाले. पुढे या कामात प्राणवायू हा तिसरा भागीदार आवश्यक असतो, हेही कळून आले. प्रकाशसंवेदी औषधाचा रेणू प्रकाशाची ऊर्जा शोषतो आणि ती शेजारच्या प्राणवायूला देतो. असा उत्तेजित झालेला प्राणवायू क्षणार्धात आसपासच्या पेशीघटकांवर तुटून पडतो. त्याचे आयुष्य इतके अल्प असते की तो जन्मस्थानापासून फार दूर जाऊ शकत नाही. त्यामुळे विध्वंस होतो तो प्रकाश पडलेल्या जागेपुरताच.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉअर्टी यांनी हे सूत्र कर्करुग्णांपर्यंत नेले. ‘फोटोफ्रिन’ या औषधाला कॅनडाने १९९३ मध्ये आणि अमेरिकेने १९९५ मध्ये मान्यता दिली. तरीही ही उपचारपद्धती सर्वत्र रूढ झाली नाही, याला तीन अडचणी कारणीभूत ठरल्या.

पहिली अडचण औषधाच्या स्वभावाची. बहुतेक प्रकाशसंवेदी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत. रक्तात ती गोळा होतात आणि गाठीबरोबरच त्वचेतही साठतात. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णाला किमान महिनाभर उन्हापासून जपून राहावे लागते. दुसरी अडचण प्रकाशाची. तळहातावर बॅटरी धरली की तांबूस उजेड पलीकडे दिसतो, कारण रक्तमांसातून तांबडा प्रकाशच काय तो थोडाफार आत शिरतो. परंतु उपचाराला पुरेल इतका तांबडा प्रकाशही काही मिलिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. तिसरी अडचण प्राणवायूची. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या गाभ्यात मुळातच प्राणवायूचे दुर्भिक्ष असते. तेथे औषध गेले आणि प्रकाशही पोहोचला, तरी तिसऱ्या भागीदारावाचून काम अडते.

सूक्ष्माचे सामर्थ्य आणि मर्यादा

या तिन्ही अडचणींवर नॅनोपदार्थ उपाय सुचवतात. न विरघळणारे औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पुटकुळीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरले तर ते रक्तातून सुखरूप प्रवास करते. नेत्रपटलाच्या विकारासाठी अमेरिकेत २००० साली मान्य झालेले ‘व्हर्टेपोर्फिन’ हे औषध अशाच वेष्टनातून दिले जाते. म्हणजे ही कल्पना आज कागदावरची राहिलेली नाही.

प्रकाश खोलवर नेण्यासाठी योजलेली युक्ती अधिक विलक्षण आहे. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण दृश्य प्रकाशापेक्षा शरीरात खोल जातात, परंतु त्यांची ऊर्जा औषधाला जागे करण्यास अपुरी पडते. यिटर्बियम, एर्बियम यांसारख्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांनी युक्त असे नॅनोकण अवरक्त प्रकाशाचे दोन-दोन कण गिळून दृश्य प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतात. जणू शरीराच्या आत, औषधाच्या शेजारीच छोटे दिवे लावले जातात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील झांग योंग यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हे करून दाखवले. प्राणवायूच्या प्रश्नावर मँगनीज डायऑक्साइडचे नॅनोकण वापरून पाहिले जात आहेत. गाठीत साचलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ते तेथल्या तेथे प्राणवायू निर्माण करतात.

या विद्येची एक सख्खी बहीणही आहे. तिच्यात प्राणवायूऐवजी उष्णता काम करते. सोन्याचे नॅनोकण अवरक्त प्रकाश शोषून तापतात आणि गाठ जाळतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नेओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांनी विकसित केलेल्या अशा सुवर्णकवची कणांचा प्रयोग प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवर झाला. त्यांपैकी १५ जणांवर उपचार यशस्वीपणे पार पडल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले.

हे सारे वाचून हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. सोळा रुग्ण हा पहिला टप्पा असतो, अखेरचा नव्हे. गाठीच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून नॅनोकण आपोआप झिरपतात, ही धारणा जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये मांडली आणि तिच्यावर अनेक आशा उभ्या राहिल्या. परंतु कॅनडातील टोरांटो येथील वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतील प्रयोगांचा ताळेबंद २०१६ मध्ये मांडला, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी जेमतेम ०.७ टक्के कण गाठीपर्यंत पोहोचतात, असे मध्यमान निघाले. उरलेल्यांपैकी बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात. ते तेथे किती काळ राहतात आणि काय करतात, हे प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासावे लागते. भारत सरकारनेही २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती याच कारणास्तव. बाजारात ‘नॅनो’ हा शब्द छापलेल्या मलमांच्या नळ्या पाहून भुलणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

वारसा सांगणे आणि वारसा चालवणे

अशा विषयाची चर्चा निघाली की आपल्याकडे दोन टोकाचे सूर ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, हे सर्व आमच्या ग्रंथांत पूर्वीच सांगितलेले आहे. दुसरा वर्ग, जो स्वतःला पुरोगामी म्हणवतो, तो ग्रंथांचे नाव निघताच नाक मुरडतो. दोघांनाही ग्रंथ उघडण्याचे कष्ट नको असतात.

वस्तुस्थिती काय आहे? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वित्र, म्हणजे पांढऱ्या कोडावर मलपूचा रस गुळासह देऊन रुग्णाला त्याच्या शक्तीनुसार सूर्यकिरणांत बसवावे, असा विधी सांगितला आहे. आधी औषध, मग प्रकाश, आणि प्रकाशाची मात्रा रुग्णाचे बल पाहून, हा क्रम लक्षणीय आहे. बावचीचे बीज तर कोडावरील औषध म्हणून आपल्या वैद्यपरंपरेत आजही नांदते आहे. या बीजातील प्रकाशसंवेदी घटक ‘सोरालेन’ १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीच वेगळा काढला. सोरालेनची कार्यपद्धती फोटोडायनॅमिक उपचाराहून निराळी आहे. ते पेशीतील आनुवंशिक द्रव्याशी थेट जोडले जाते. तरीही औषध आणि प्रकाश यांच्या युतीची जाण आपल्या पूर्वजांना अनुभवातून आली होती, हे मान्य करण्यास कोणाचीही आडकाठी नसावी.

परंतु कथा येथे संपत नाही. खरा धडा पुढेच आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या एका तणाच्या बिया कोडासाठी खाऊन उन्हात बसण्याची अशीच जुनी रीत होती. १९४०च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी त्या बियांतून शुद्ध द्रव्य वेगळे केले. कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ते रुग्णांना देऊन १९४८ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये हार्वर्डच्या डॉक्टरांनी त्याच द्रव्याला अतिनील दिव्यांची जोड देऊन सोरायसिसवरील ‘पुवा’ हा उपचार सिद्ध केला आणि तो जगभर गेला. बावची आपली, तिचे सत्त्व प्रथम शुद्ध करणारे हातही आपले; परंतु त्वचारोगाच्या जागतिक इतिहासात नाव कोरले गेले ते कैरोचे आणि बोस्टनचे. इजिप्तने आपला वारसा नुसता सांगितला नाही. त्याने तो चालवला.

हळदीची गोष्ट तर सर्वांच्या स्मरणात आहे. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. तो क्षण राष्ट्रीय स्वाभिमानाचा होता. परंतु हा विजय गड राखण्याचा होता, मुलूखगिरीचा नव्हे. हळदीतील कर्क्युमिन हे निळ्या प्रकाशाने जागे होणारे द्रव्य आहे आणि तोंडातील जंतूंचा नाश करण्यासाठी त्याचा उपयोग करून पाहिला जात आहे. पाण्यात न विरघळणे हा त्याचा मोठा दोष असल्याने नॅनोवेष्टनाची त्याला नितांत गरज आहे. या संशोधनात ब्राझीलमधील साओ कार्लोसच्या शास्त्रज्ञांचे नाव अग्रभागी घेतले जाते. हळद ज्यांच्या देवघरात आणि स्वयंपाकघरात शेकडो वर्षे आहे, त्यांनी या गोष्टीचा विचार केला पाहिजे.

सुवर्णभस्माविषयीही हेच म्हणता येईल. त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण आढळतात, हे आधुनिक उपकरणांनी दाखवले आहे. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होते, असा डिंडिम पिटणे म्हणजे त्यांच्या खऱ्या कौशल्याचा उपमर्द करणे होय. त्यांनी पिढ्यान् पिढ्या घोटून, पुटे देऊन, परिणाम पाहून आपली पद्धती बसवली. त्यांचे वारसदार म्हणवून घ्यायचे तर त्यांच्याइतकेच चिकाटीने आजच्या साधनांनी पाहिले पाहिजे.

प्रयोगशाळा ते रुग्णशय्या

आपल्याकडे बुद्धीची वानवा आहे काय? मुळीच नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतील हरितद्रव्यापासून ‘क्लोरिन पी-६’ हे प्रकाशसंवेदी द्रव्य तयार केले. सिलिकाच्या नॅनोकणांवर ते बसवून तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम तपासला. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र यांनी मिळून लायपोसोमवर सोन्याचा मुलामा दिलेले कण विकसित केले. अवरक्त लेसरच्या साहाय्याने उंदरांतील गाठ या कणांनी पूर्णपणे नाहीशी केली. विशेष म्हणजे काम झाल्यावर ते कण यकृतात विघटित होऊन यकृत व मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जातात, हेही या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. धातूचे कण शरीरात साचून राहतात, या आक्षेपाला हे भारतीय उत्तर आहे. अलिगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात बोस्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने बॅटरीवर चालणाऱ्या, अल्प खर्चाच्या दिव्याने तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगाच्या सुमारे ३० रुग्णांवर प्रकाशोपचार झाले. विजेचा आणि महागड्या लेसरचा भरवसा नसलेल्या ठिकाणीही हे शक्य आहे, असे त्यातून दिसले.

मग अडते कोठे? अडते ते शोधनिबंध आणि रुग्णशय्या यांच्यामधील दरीपाशी. उंदरावर यशस्वी झालेला कण माणसापर्यंत नेण्यासाठी तो दर वेळी तंतोतंत सारखाच तयार करता आला पाहिजे, त्याची विषाक्तता तपासली पाहिजे आणि अनेक रुग्णालयांतून चाचण्या झाल्या पाहिजेत. त्याला वर्षे लागतात, पैसा लागतो आणि अपयश पचवण्याची तयारी लागते. आपला औषधउद्योग जगाला स्वस्त औषधे पुरवतो, याचा अभिमान योग्यच आहे. परंतु दुसऱ्याने शोधलेले औषध स्वस्तात बनवणे आणि स्वतःचे औषध शोधणे या दोन भिन्न पायऱ्या आहेत. देशाने २००१ मध्ये नॅनोविज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला आणि २००७ मध्ये एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन हाती घेतले. तरीही २०२०-२१ मध्ये संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. त्यातही खासगी उद्योगाचा वाटा प्रगत देशांच्या तुलनेत फारच तोकडा आहे. हा दोष एकट्या शासनाच्या माथी मारून भागणार नाही.

येथे पुन्हा ब्राझीलचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. तो देश श्रीमंत नाही. परंतु त्वचेच्या कर्करोगासाठी त्याने स्वतःचा दिवा बनवला, स्वतःचे मलम बनवले आणि शासकीय वित्तसंस्थांच्या साहाय्याने देशभरातील अनेक केंद्रांतून डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन हा उपचार सामान्य रुग्णापर्यंत नेला. त्यांच्यापुढे त्वचेचा कर्करोग होता. आपल्यापुढे तोंडाचा आहे. मौखिक कर्करोगावरील प्रकाशोपचार हे एकच निश्चित लक्ष्य ठरवून स्वदेशी औषध, स्वदेशी कण, स्वदेशी दिवा आणि देशातील रुग्णालयांतून शिस्तबद्ध चाचण्या, अशी एक मोहीम आखली गेली पाहिजे. आयुर्वेदातील वनस्पतींच्या अभ्यासकांनाही तीत मानाचे स्थान हवे, परंतु कसोटी सर्वांना एकच हवी. मोजमापात जे टिकेल ते स्वीकारावे, जे टिकणार नाही ते नम्रपणे बाजूला ठेवावे. स्वदेशीचा अर्थ कसोटीतून सूट असा कधीच नव्हता.

समाजाचेही यात कर्तव्य आहे. हा उपचार प्राथमिक अवस्थेतील, उथळ गाठीवरच अधिक परिणामकारक ठरतो. तोंडातील पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, कमी होत गेलेले तोंड उघडणे ही लक्षणे वेळीच ओळखली गेली नाहीत, तर उत्तमोत्तम नॅनोकणही निरुपयोगी ठरतील. वस्तीवस्तीत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजताना तोंडाची तपासणीही दंतवैद्याकडून करवून घ्यावी. मित्राच्या खिशातील पुडी काढून घेण्याचा हक्क स्नेहाच्या नात्याने बजावावा. आणि मुलगा किंवा मुलगी मूलभूत विज्ञानाकडे वळू इच्छित असेल, तर ‘त्यात पैसा काय?’ हा प्रश्न मध्यमवर्गीय आईवडिलांनी निदान पहिल्याच दिवशी विचारू नये.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या ज्या गुणधर्माचा शोध लावला, तो कोलकात्यातील ज्या संस्थेत लागला ती इंग्रज सरकारने उभारलेली नव्हती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये देशबांधवांकडून वर्गणी जमवून ती स्थापन केली होती. पारतंत्र्यातील समाजाने विज्ञानासाठी झोळी भरली आणि पन्नास वर्षांनी त्या झोळीतून जगाला अपूर्व देणगी मिळाली. आजच्या स्वतंत्र आणि सुस्थित समाजाला याहून कमी करणे शोभणार नाही. चरकांनी रुग्णाला सूर्यकिरणांत बसवले, तेव्हा त्यांच्या हाती होते ते सर्व त्यांनी रुग्णासाठी वापरले. आजच्या भारताच्या हाती लेसर आहे, नॅनोकण आहेत, कुशल शास्त्रज्ञ आहेत आणि दुर्दैवाने रुग्णही आहेत. ते सर्व रुग्णासाठी वापरणे, हेच चरकांचे खरे स्मरण होय.